खटाक

कतारमधल्या बिन महमूद भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर एक नाशिककर राहतात. लिफ्टमध्ये भेटले की 'कसे आहात' वगैरे नाही, थेट "दिसली का कुठे?" म्हणजे पॉइंट टू टूची जुनी रायफल, पुढचा दांडा मागे-पुढे ओढून गोळी भरायची. सांगताना भाजीची पिशवी खाली ठेवतात आणि डावा हात हवेत मागे-पुढे करून दाखवतात. "विकत नाही हो घ्यायची. तो खटाक आवाज एकदा ऐकायचाय." का, ते मी कधी विचारलं नाही.

माझ्या कतारी साहेबांच्या समैस्मा गावातल्या घरी, बैठकीच्या भिंतीवर, मला अगदी तशीच दिसली. पुढच्या शुक्रवारी या नाशिककर शेजाऱ्यांना घेऊन गेलो. वाटेत एवढंच बजावलं, "कौतुक करू नका बरं का. पाहुण्याला वस्तू आवडली की ही माणसं ती देऊनच टाकतात. आणि ती त्यांच्या वडिलांची आहे."

साहेबांनी कहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतून दिली, मग भिंतीवरची रायफल काढली, रिकामी असल्याची खात्री केली आणि दांडा ओढला. खटाक! शेजाऱ्यांचा डावा हात मांडीवर आपोआप हलला.

"पसंद आया?" साहेबांनी विचारलं.

भेटेल त्याला रायफल विचारणारा हा माणूस शांतपणे म्हणाला, "कहवा बहुत अच्छा है."

साहेब खूश झाले, त्यांनी कप पुन्हा भरला. पुरे असं सांगायला इथे रिकामा कप हलवायचा असतो, हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं. एरवी चहाशिवाय कशालाही तोंड न लावणारे ते, रायफलीवर नजर ठेवून सहा कप प्याले.