तीस वर्षांची मुदत आणि आमची मैना

औषधाच्या बाटलीसारखी फ्लॅटलाही मुदत असते, हे आम्हाला फ्लॅट घेतल्यावर कळलं.

साधारण पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. आमचे हे शिरोलीच्या फाउंड्रीतून रिटायर झाले आणि आलेल्या पैशात त्यांनी कोल्हापुरात तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला. फार स्वस्तात मिळाला म्हणून चार दिवस मिशीला पीळ देत फिरले. मग वरच्या मजल्यावरचे सावंत मास्तर म्हणाले, "इमारत आपली, पण जमीन उचगावच्या आण्णांची. तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. पट्टा संपत आलाय."

"मग म्होरं?" मी विचारलं.

"आण्णांनी मुदत वाढवली तर ठीक. नाहीतर सहाही घरं रस्त्यावर!"

ह्यांची मिशी त्याच दिवशी खाली आली.

माझं माहेर गवळ्याचं. फ्लॅटमध्ये येताना मी मैना म्हैस संगतीनं आणली आणि इमारतीमागच्या मोकळ्या जागेत बांधली. (जागेत जनावर बांधायचं नाही, असं पट्ट्यात लिहिलं होतं म्हणे. मी काही तो वाचला नव्हता. आणि ज्यांनी वाचला होता, ते रोज सकाळी तांब्या घेऊन माझ्या दारात उभे असायचे!)

त्यात आमचा थोरला, बाळू. बायको-पोरांचा धनी, पण जीव म्हशीत. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून गाडीमागं पळवतात. पुढं सायलेन्सर काढलेली गाडी, मागं म्हैस. गाडी जितकी बोंबलेल, तितकी म्हशीनं धाव घ्यायची. बाळूनं मैनेला आणखी एक शिकवलं होतं. गाडी थांबली की मागच्या सीटवर हनुवटी टेकायची. लई गुणाची.

एके दिवशी निरोप आला. आण्णा जागा बघायला येणार, बघून पसंत पडली तर मुदत वाढवणार.

"म्हस गावाकडं सोडून येऊया," हे म्हणाले.

"कशाला? मी बघतो की!" मी म्हणाले. (आमच्याकडं बायकाही 'बघतो'च म्हणतात.)

मी मैनेपुढं पेंडीचं घमेलं ठेवलं, तिच्यासमोर तार बांधली आणि तारेवर घरातली सगळ्यात मोठी वाकळ टाकली. म्हैस दिसेना. शेपूट दिसत होतं, पण शेपटाकडं कोण बघतंय!

आण्णा आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, जाडजूड देह. सगळीकडं फिरले. "मागं काय हाय?"

"बायकांची धुणी हाईत," मी म्हणाले. सज्जन माणूस, तिथूनच मागं फिरला.

मग चहा झाला. एक घोट घेऊन आण्णा कपाकडं बघत राहिले. "दूध लई झकास हाय. कुठलं?"

"डेअरीचं," हे म्हणाले.

"त्यांस्नी सांगा, पाणी घालायचं इसरलाईसा म्हणून!" आण्णा खूश झाले. "सोमवारी कचेरीत या. आणखी तीस वर्सं वाढवून देतो."

जिन्यात बाकीची पाचही घरं कान लावून उभी होती. सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला.

आण्णांनी फाटकाबाहेर जाऊन बुलेटला किक मारली. बुलेटचा सायलेन्सर फुटलेला. धाड! धाड! धाड!

मागच्या बाजूला काहीतरी मोडलं. दुसऱ्याच क्षणी खुंटा, तार आणि वाकळ घेऊन मैना आमच्या समोरून गेली. वाकळ पाठीवर अशी बसली होती, जणू नवरीनं शालू पांघरलाय!

"आण्णा, थांबा!" हे ओरडले.

"नगा थांबू, हनुवटी टेकंल!" बाळू ओरडला.

आण्णांनी आरशात बघितलं आणि गाडी जोरात सोडली. मैनेला नेमकं हेच शिकवलं होतं. तीही जोरात. आण्णांनी हॉर्न दाबला. ती आणखी जोरात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक शिट्ट्या मारायला लागले. "ओ पावणं, वढा की अजून! म्हस दमली न्हाय!"

मी आणि बाळू रिक्षा करून उचगावात पोचलो, तर आण्णा दारात बुलेटवर ताठ बसलेले. मैनेची हनुवटी मागच्या सीटवर, त्यामुळं उतरायची सोय नाही! भोवती निम्मा गाव.

"आण्णा, म्हस कवा घेतलासा? बोलला न्हाईसा!"

"असलं जनावर उचगावात झालं न्हाय बगा!"

बाळूनं मैनेला बाजूला घेतलं. आण्णा उतरले, घाम पुसला आणि मला म्हणाले, "बाई, ही डेअरी कुणाची?"

"आमचीच," मी म्हणाले. आता खोटं बोलून काय उपयोग!

"पट्ट्यात जनावर चालत न्हाय. मुदत बिदत इसरा."

माझ्या डोळ्यांपुढं सहा घरांची भांडीकुंडी रस्त्यावर दिसली. त्यात शेजाऱ्यांचे दुधाचे पाच तांबेही होते. तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत आला आणि आण्णांची पाठ थोपटून म्हणाला, "यंदा पाडवा तुमचाच!"

आण्णांचा चेहरा बदलला. मला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "म्हस हितंच ऱ्हाऊ द्या. सोमवारी सही करतो."

गवळ्याची पोर मी, फुकट कशी देणार? "देतो. पण भाडेपट्ट्यावर. म्हस आमची, गोठा तुमचा. तीस वर्सांनी परत."

"तीस वर्सं म्हस जगंल व्हय?"

"मग मी तरी जगतो व्हय?"

आण्णा पोट धरून हसले. सोमवारी सही झाली, सहाही घरं वाचली. पाडव्याला मैना गळ्यात घुंगुरमाळ घालून आण्णांच्या बुलेटमागं पळाली. बाळू गर्दीत उभा राहून रडला. इमारतीत मात्र कुणी माझे आभार मानले नाहीत. तांबे रिकामे झाले, त्याचा राग होता.

आता आमच्याकडं खरोखरच डेअरीचं दूध येतं. ह्यांचं खोटं बोलणं तेवढं वाचलं.

माझी मात्र खोड गेलेली नाही. रस्त्यावर बुलेट सुरू झाली, की मैना सुटली असं वाटून हातातलं टाकून मी फाटकापर्यंत धावत सुटते. आणि हे आत बसल्या जागेवरून ओरडतात, "बाळू, आरं धर तिला! उचगावात पोचंल!"