सरांच्या गाठीखालची वायर

डोंगरे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका विमानाच्या पोटाखाली उताणे पडलेले होते आणि मला फक्त त्यांचे बूट दिसत होते. मी कन्हानहून दोन बस बदलून सोनेगावच्या विमानतळाशेजारच्या हँगरमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू व्हायला आले होते. बुटांकडूनच प्रश्न आला, हातात अंगठी, बांगडी काही आहे का. आहे म्हटल्यावर ती काढून ठेवायचा हुकूम झाला, आणि मगच सर बाहेर आले. त्यांनी मला एक उघडं पॅनेल दाखवलं. आत मनगटाएवढं जाड वायरींचं बंडल, आणि सगळ्या वायरी पांढऱ्या. मी आयटीआय करून आलेली. लाल, काळी, हिरवी एवढ्यावर माझी विद्या उभी होती. यातली पॉझिटिव्ह कोणती, असं सरांनी विचारलं. मी दोनदा पाहिलं आणि ओळखता येत नाही असं सांगितलं. सर म्हणाले, बरं झालं, बोट दाखवलं असतं तर आजच घरी पाठवलं असतं. विमानातली वायर रंगावरून नाही, तिच्या अंगावर छापलेल्या क्रमांकावरून ओळखायची, हा माझा पहिला धडा.

श्री. मधुकरराव डोंगरे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने मला सरांच्या कार्याची ओळख करून द्यायला सांगितलं आहे. ती मी करून देईनच. पण हा ग्रंथ हातात घेणारे बरेचसे लोक सरांचे विद्यार्थी असणार, आणि त्या सगळ्यांनी पहिल्या तासाला एका छोट्या बरणीतला वायरींचा तुकडा हाताळलेला असणार. सर तो वर्गात फिरवतात, भिंग देतात आणि दोष ओळखायला सांगतात. वर्ग ते काम करणाऱ्याला मनसोक्त नावं ठेवतो. सगळ्यांचं बोलून झालं की सर सांगतात, हे काम माझं, आणि फळ्याकडे वळतात. त्यापुढे त्यांना कोणी कितीही विचारलं तरी ते काही सांगत नाहीत. तो तुकडा विमानातून मी कापून काढला होता, त्यामुळे पुढचं मला सांगता येतं.

आधी सरांच्या कामाबद्दल. सर मूळचे कुहीकडचे, धानाची शेती असलेल्या घरातले. विमानाच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात बसला तो नागपूरबाहेर, एका मोठ्या कारखान्यात, आणि चाळिशीच्या सुमारास ते आमच्या हँगरमध्ये आले. आमच्याकडे छोटी विमानं दुरुस्तीला यायची. सरांची शिकवण्याची रीत उलटी होती. वायर कशी चालते ते नंतर सांगा, आधी ती कशी बिघडते ते सांगा, असं ते म्हणायचे. घरात वापरतात ती पीव्हीसीची वायर घेऊन ते आम्हाला हँगरमागच्या मोकळ्या जागेत न्यायचे आणि तिचं टोक पेटवायचे. तो काळा, घशाला लागणारा धूर लांबूनच पाहून झाला की विचारायचे, हा धूर बंद विमानात कोंडला तर काय होईल. त्यानंतर विमानात पीव्हीसी का नको, हे कोणाला पाठ करावं लागलं नाही. तांब्याच्या तारांवर कथिलाचा मुलामा कुठे चालतो, जास्त गरम जागी चांदीचा का लागतो आणि इंजिनाजवळ निकेलचाच का, हेही त्यांनी असंच हातात देऊन शिकवलं. जाड केबलीला वजन वाचवायला ॲल्युमिनियम घेतात, पण तिचे जोड ढिले पडतात म्हणून तिच्यावर डोळा ठेवायचा, हे तर ते इतक्यांदा सांगायचे की आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

आवरणांमध्ये त्यांचा जीव दोन प्रकारांत गुंतलेला. एक पॉलिमाइडची, मधासारख्या रंगाची वायर. पातळ, हलकी आणि कडक. ती दाबली तरी दबत नाही, पण ओल आणि वारंवार वाकवणं तिला सोसत नाही. तिला चीर पडली आणि ठिणगी उडाली तर आवरणाचा कोळसा होतो आणि त्या कोळशातूनच वीज पुढे पळते. दुसरी टेफ्लॉनची. गुळगुळीत, उष्णतेला दाद न देणारी, पण अंगाने मऊ. तिच्यावर एका जागी कायमचा दाब राहिला तर आवरण वर्षानुवर्षं हळूहळू बाजूला सरकत जातं आणि आत तांबं उघडं पडतं. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. हे दोन स्वभाव वाचकांनी लक्षात ठेवावेत, कारण सगळी गोष्ट त्यांच्यावर आहे.

सरांचा स्वभाव सांगायचा तर तो गोड नाही. ते कौतुक करत नाहीत, चहाला थांबत नाहीत, आणि कोणी उशिरा आलं तर घड्याळाकडे न पाहता त्या माणसाकडे पाहतात. पण हँगरमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं, आणि ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. मी दिवसभर पाणी पीत नाही हे सरांच्या लक्षात आलं. त्यांनी अर्ज केला नाही की कोणाशी भांडण केलं नाही. एका सकाळी साहेब लोकांच्या स्वच्छतागृहाच्या दारावर ‘महिला’ अशी रंगवलेली पाटी लागली होती आणि आतल्या बाजूला नवी कडी. साहेब लोक पुढे कितीतरी महिने हँगरच्या पार दुसऱ्या टोकाला चालत जात राहिले. पाटी कोणी लावली, हे सगळ्यांना माहीत होतं. विचारायची हिंमत कोणाची झाली नाही.

आता गाठीबद्दल. विमानातलं बंडल एकत्र राहावं म्हणून त्याला ठरावीक अंतरावर मेण लावलेला चपटा दोरा बांधतात. प्रत्येकाची गाठ ज्याच्या त्याच्या अक्षरासारखी वेगळी. सरांची गाठ चपटी, घट्ट, दोन्ही टोकं एकसारखी कापलेली. बाहेरून पाहणी करायला लोक आले की आमचे व्यवस्थापक मुद्दाम सरांचं बंडल उघडून दाखवायचे. आम्ही सगळे तशी गाठ बांधायला धडपडायचो, आणि ती तितकी घट्ट बसत नाही म्हणून हिरमुसायचो.

मी शिकून तंत्रज्ञ झाले, त्यानंतर काही वर्षांनी सरांनी पूर्वी वायरिंग केलेलं एक विमान मोठ्या तपासणीसाठी आलं. पंख जिथे धडाला जोडलेला असतो तिथलं बंडल मला सरकवायचं होतं, म्हणून मी एक दोरा कापला. खाली सगळ्या वायरी दबून त्यांना कंबर पडली होती. भिंग लावलं तर इंधन पंपाकडे जाणाऱ्या एका वायरीच्या आवरणातून तांबं चमकत होतं. शेजारच्या वायरीचंही आवरण कागदाएवढं उरलं होतं. दोन्हींचं तांबं एकमेकांना लागून इंधनाजवळ ठिणगी उडाली असती तर काय झालं असतं, हे मला सरांनीच शिकवलेलं होतं. कापलेला दोरा माझ्या हातात होता. चपटी गाठ, एकसारखी टोकं.

तेव्हा सरांना तपासणी विभागाचं प्रमुख करायचं ठरलं होतं, फक्त ऑर्डर हातात यायची होती. दोष सरांच्या कामातला आहे असं नोंदवलं की ती ऑर्डर गेली, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. व्यवस्थापक आले, त्यांनी पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. वायरी बदलून टाका, जुन्या झाल्या म्हणून बदलल्या असं लिहा, माणसाचं नाव कशाला खराब करता, असं त्यांचं म्हणणं. ते वाईट माणूस नव्हते. मला ते पटलं नाही, पण मी लिहायलाही बसले नाही. पेन हातात घेऊन उभीच राहिले.

तेवढ्यात सर आले. त्यांनी माझ्या हातातून भिंग घेतलं आणि पंखाखाली शिरले. बाहेर आले ते दोरा बोटांत फिरवत. मी म्हटलं, नंतर कोणीतरी आवळली असेल. वर्गात सर पुस्तकी मराठी बोलतात, पण त्या दिवशी ते कुहीचंच बोलले.

“गाठ माही आहे. तू पाह्यलं ना? मंग लिही. माहं नाव आहे म्हणून काहून थांबून राहिली?”

“सर, तुमची ऑर्डर अजून आली नाही.”

“ते विमानाले कुठं माहीत आहे?”

मी लिहिलं. एकच ओळ होती. लिहिताना मला सरांचा राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही. स्वतःच्या हाताने लिहायचं सोडून हे माझ्याकडून का करवून घेता, असं वाटत होतं. त्याचं उत्तर त्यांनी नंतर दिलं. दोष ज्याला सापडतो त्यानेच तो लिहायचा असतो, एवढंच.

मात्र माझ्या ओळीखाली त्यांनी स्वतःची भर घातली. कारखान्यात त्यांचा हात कडक पॉलिमाइडवर बसला होता. ती वायर कितीही आवळा, दबायची नाही. इथे आल्यावर हाताखाली मऊ टेफ्लॉन आलं. वायर बदलली, हे त्यांना ठाऊक होतं, ते आम्हाला तेच तर शिकवत होते. हात मात्र जुन्याच जोराने आवळत राहिला. आणि गाठ इतकी देखणी दिसायची की तिच्याखाली पाहावं असं कोणालाच वाटलं नाही. सरांनी त्या काळात वायरिंग केलेल्या बाकीच्या विमानांचे क्रमांक आठवून आठवून लिहिले आणि ती सगळी उघडून पाहा असं खाली सही करून मागितलं. कंपनीचे मालक चिडले. ग्राहकांना बोलावून आपल्याच कामातला दोष दाखवायचा, हे त्यांच्या पचनी पडेना. सर हटले नाहीत. विमानं एकेक करून आली. बहुतेक ठीक निघाली. एकात मात्र पहिल्या विमानासारखंच तांबं उघडं सापडलं, तेही इंधन पंपाच्याच वायरीवर. त्या विमानाचे मालक सरांना भेटायला आले होते. काय बोलले ते मला माहीत नाही, पण जाताना त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले होते.

ऑर्डर दुसऱ्याच्या नावाने निघाली. सरांचा काम तपासून सही करायचा अधिकार काढून घेतला गेला, आणि त्यांना स्टोअरजवळच्या एका टेबलावर नव्या मुलामुलींना गाठी शिकवायला बसवलं. ती शिक्षा होती. सरांनी ती शिक्षा अशी काही मनावर घेतली की आज देशभरातल्या हँगरांमध्ये त्या टेबलावर शिकलेले लोक आहेत. तिथे त्यांनी गाठीला गुण देण्याची पद्धत बदलली. गाठ बांधलेलं बंडल गरम पेटीजवळ टांगून ठेवायचं, कारण उष्णतेने आवरण लवकर सरकतं, काही आठवड्यांनी गाठ कापायची आणि खालची वायर भिंगातून पाहायची. दोरा जागचा हलला नसेल आणि वायरीवर वळ नसेल तरच गुण. सुंदर गाठीला वेगळे गुण नाहीत. वर्षभराने अधिकार परत मिळाला, तरी सरांनी ते टेबल सोडलं नाही. ती कंपनी पुढे बंद पडली. टेबलाची जागा प्रशिक्षण संस्थेतल्या वर्गाने घेतली, आणि तिथे सर अजूनही आठवड्यातून काही दिवस जातात. त्या विमानातल्या तुकड्याची बरणी त्यांच्या पिशवीत असते.

हा मजकूर मी मंडळाकडे दिला तेव्हा एका सभासदांनी मला फोन केला. गौरवग्रंथात असा प्रसंग बरा दिसत नाही, सरांच्या चांगल्या बाजू पुष्कळ आहेत, त्या लिहा, असं त्यांनी फार आदराने सांगितलं. मला आमचे व्यवस्थापक आठवले. मी म्हटलं, सरांना विचारू. लकडगंजच्या मागे सरांचं घर आहे. काकूंनी चहा ठेवला आणि सर भिंग घेऊन माझा लेख वाचायला बसले, अगदी बंडल तपासावं तसे. स्वच्छतागृहाच्या पाटीपाशी त्यांनी नाक मुरडलं आणि पान उलटलं. पुढे एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ‘सरांच्या कामात एक किरकोळ दोष आढळला’ असं मी तिथे लिहिलं होतं.

“हे किरकोळ कुठून आलं? तांबं दिसत होतं ना?”

“दिसत होतं, सर.”

“मंग तसं लिही.”

मी तसं लिहिलं आहे. मंडळाच्या सभासदांनाही मी तेच कळवलं, आणि लेख जसाच्या तसा जाईल असं त्यांनी मान्य केलं. सरांबद्दल मी लिहिलेलं हे दुसरं लिखाण. पहिलं एका ओळीचं होतं. सरांबद्दल मला किती आदर वाटतो, हे त्या ओळीत लिहायला जागा नव्हती, म्हणून इथे लिहिते. माझ्या ओळखीत त्यांच्याएवढा मोठा माणूस दुसरा नाही.

सरांना आणि काकूंना निरोगी, लांब आयुष्य मिळो. सरांची नजर आज आहे तशीच राहो. हा ग्रंथ हाती आल्यावर त्यांनी भिंग काढून माझा लेख पुन्हा एकदा वाचावा, आणि कुठे काही सापडलं तर मला बोलावून घ्यावं. मी लिहून घेईन.