इडलीच्या पिठाचा अलार्म

टाळेबंदीत नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी मी घरीच बिअर करायला घेतली. पिंप जुन्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि सेन्सर जोडला. आंबताना पिंप तापलं की भोंगा वाजायचा आणि फ्रिज आपोआप सुरू व्हायचा.

तिकडे पुण्यात बाबांना कोविड झालेला, घरी बघायला आई एकटीच, विमानं बंद. जिवाला घोर होताच. आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना भोंगा वाजला. तिला बिअर कसं सांगणार? "इडलीचं पीठ आंबवतोय," म्हणालो. वर शहाण्यासारखं समजावलंही, की मला बघावंच लागत नाही, मशीनच सांभाळतं.

मग आई म्हणाली, "ह्यांचा ऑक्सिजन कमी झाला, आणि तेव्हाच माझा डोळा लागलेला असला तर? असा भोंगा ह्यांना लावता येईल का रे, तिथून?"