बाबांना एस.टी.नं घरी आणलं

बाबा यवतमाळच्या दवाखान्यात वारले आणि ॲम्ब्युलन्सनं घरी आले. आईच्या मते ते आलेच नाहीत. "आडवं करून आणलं त्याइले. रस्ता कुठं दिसला?" तेरवी झाली तरी ती रोज संध्याकाळी कळंब रोडवरच्या आमच्या फाट्यावर जाऊन बसायची आणि यवतमाळहून येणाऱ्या प्रत्येक बसचं दार पाहायची. बोलणं कमी झालं होतं, खाणं त्याहून कमी.

"ज्या वाटेनं गेलते त्याच वाटेनं आण," ती मला म्हणाली. "जिथं गाडी बदलशीन तिथं सांगत जाय. अन् मागं पाहू नको." तिच्या माहेरची रीत.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., तेही फर्स्ट क्लास. असलं काही मी मानत नाही, हे तिला तोंडावर सांगितलं. मग बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा पिशवीत घालून निघाले, कारण फाट्यावर बसलेली आई मला पाहवत नव्हती.

बाबांना यवतमाळ कधी कळलंच नाही. दवाखान्याच्या फेऱ्या आम्ही एस.टी. आणि शेअर ऑटोनंच केल्या. ते माझ्या मागे मागे चालायचे आणि दत्त चौकात ऑटो बदलताना दर वेळी विचारायचे, "आता कोन्त्यात बसाचं?"

दवाखान्याच्या गेटसमोर ऑटो उभा होता. बसता बसता मी पुटपुटले, "बाबा, चला." शेजारच्या म्हातारीनं ते ऐकलं, पिशवीतला दुपट्टा पाहिला आणि आत सरकली.

"एक सवारी, एक सवारी," ड्रायव्हर ओरडत होता.

"भरला तुया ऑटो. चाल," म्हातारी म्हणाली.

"मोजता येते मले, आजी."

"मंग नीट मोज."

दत्त चौकात मी सांगितलं, "बाबा, इथं बदलायचं." दुसऱ्या ऑटोनं स्टँडवर पोचले, तिथंही सांगितलं. बसला तोबा गर्दी होती. मी खिडकीतून दुपट्टा सीटवर टाकला, आत शिरले, खिडकीशी बसले आणि तो शेजारी पसरला.

एकानं विचारलं, "कोन हाय इथं?"

"माझे बाबा."

"कुठं हायेत?"

"येऊन राह्यले."

बस सुटली. "ताई, बस तं निघाली. पायदळ येऊन राह्यले का बाबा?" लोक हसले. दुपट्टा उचलायला मी हात घातला. खालचं रेक्झिन कोमट लागलं. ऊन पलीकडच्या बाजूनं येत होतं.

मी हात काढून घेतला. कंडक्टर आला तेव्हा म्हटलं, "एक लेडीज हाफ, एक फुल." त्यानं दुपट्ट्याकडे पाहिलं आणि दोन तिकिटं फाडली.

फाटा आला. तोवर बाबांना सांगणं तोंडातल्या तोंडात चाललं होतं. आता दारातून मी मोठ्यानं म्हटलं, "बाबा, आपला फाटा. उतरा." बसमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. कंडक्टरनं घंटी लगेच दिली नाही.

आई दगडावर बसली होती. पदर सावरून उठली आणि गावाकडे चालू लागली. पाठीमागे यवतमाळची आणखी एक बस येऊन थांबली, दार उघडल्याचा आवाज आला. आईनं मान वळवली नाही.

मीही वळवली नाही. आम्हा दोघींच्या चपला वाजत होत्या, आणि मी गावापर्यंत तिसऱ्या आवाजाला कान लावून चालत होते.