गाण्यामागचा गलका

आमच्या ह्यांचं नाव उमाशंकर. उमरग्यात बसस्टँडच्या मागं ह्यांचं गाणी भरून द्यायचं दुकान, आन् दुकानाच्या मागंच आमचं घर. आधी कॅसेटी व्हत्या, मग सीड्या, आता मोबाईलचं कार्ड. हैदराबादकडं जाणारे ट्रकवाले मुद्दाम थांबतात. म्हणतात, उमाशंकरचा माल साफ असतो. साफ म्हंजी काय, तर कार्यक्रमातलं गाणं असलं की मागच्या-पुढच्या टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा समदं हे कापून टाकायचे. "गिऱ्हाईक गाण्याला येतं, गलक्याला न्हाय," असं ह्यांचं म्हणणं. हात इतका बसलेला की गप्पा मारता मारता कापायचे.

आन् येड कशाचं, तर एका जुन्या इंग्रजी रॉक गाण्याचं! कोण एक ड्रायव्हर मागं कॅसेट विसरून गेला, तवापासनं. एका अक्षराचा अर्थ कळत न्हाय, पर शटर उघडलं की पहिलं तेच. त्यातबी स्टेजवर वाजवलेलं पायजे. त्या एका गाण्याची स्टेजवरची रेकॉर्डिंगं नेटवर हुडकायची आन् सगळ्यात भारी कोणतं ते ठरवायचं, हाच उद्योग. म्या म्हणायची, "अवं, लोकं देव हुडकतात, तुमी हे काय हुडकताय?" नुसते हसायचे. कपाळ माझं!

आमचा एकुलता एक रुद्रेश ह्या गाण्यावरच वाढला. हैदराबादला कामाला लागला. तिथं एका मैदानात कुठल्याशा बँडनं तेच गाणं वाजवलं, ते त्यानं मोबाईलवर घेतलं. दसऱ्याला घरी आला आन् चपला काढायच्या आत बापाच्या हातात कार्ड ठेवलं. "अप्पा, ह्याच्यापुढं तुमची बाकीची रेकॉर्डिंगं झक मारतात." मग माझ्याकडं वळला, "अव्वा, शेवटाला म्या तुमाला दोघांना हाका मारल्यात बघ, घसा फोडून. आंघोळ करून येतो, मग संगंच ऐकू."

त्यो आंघोळ करून येईपर्यंत ह्यांनी गाणं साफ करून ठेवलं व्हतं. जुनं पुसून, नवं त्याच कार्डावर भरून, वर कौतुकानं पोराच्या हातात दिलं. आमी ऐकलं. गिटार संपली आन् सगळं गप्प. म्या तोंड सोडलं, "हाताला काय आग लागली व्हती का तुमच्या?" ह्यांचं तोंड एवढंसं झालं. पोरगं मातर खो-खो हसलं. "जाऊ दे की अव्वा. फुडल्या वर्षी परत जातो, परत ओरडतो. आवाज कुठं पळून चाललाय?"

दिवाळीच्या आत हायवेला ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. पोरगं जागेवरच गेलं. मोबाईलचाबी चुरा झाला. फोटो लई हायेत त्याचे. आवाज न्हाय. घरातलं माणूस बोलताना कोण रेकॉर्ड करून ठेवतंय?

तवापासनं ह्यांचं हुडकणं सुटलं न्हाय, नुसतं फिरलं. त्या मैदानात आणिक कितीतरी पोरांनी मोबाईल वर धरले असतील, कुणी ना कुणी नेटवर टाकलं असंल. आता भारी रेकॉर्डिंग म्हंजी ज्यात आमचा रुद्रेश ओरडतोय ते. मिळतात एकेक. कुणाचं अर्धंच, कुणाचं नुसतंच घरघरतंय. जेवायला हाक मारली तरी कानातनं वायर निघत न्हाय. जित्याची खोड... जाऊ द्या, ती म्हण आता आमच्या घरात कुणी म्हणत न्हाय.

मागल्या सोमवारी ह्यांनी मला दुकानात बोलावलं. वायरीचं एक टोक माझ्या कानात घातलं, एक सोताच्या. गाणं संपलं आन् गलका उठला. त्यात एक पोरगं ओरडलं, "अप्पाऽ!" हे माझ्याकडं बघत राहिले. "त्योच न्हवं, शरणम्मा?"

व्हय म्हणावं असं लई वाटलं वं मला. पर आमचा रुद्रेश 'अप्पा' म्हणताना शेवटाला आवाज खाली आणायचा. हे पोरगं वर गेलं व्हतं.

"न्हाय वं," म्या म्हणलं.

"मलाबी कळलं व्हतं," हे म्हणले, आन् डोळे पुसत काम करायला लागले. मला वाटलं, ते रेकॉर्डिंग पुसून टाकतात आता. तर ह्यांनी गाणं कापलं. अख्खं गाणं, गिटारसकट. नुसता गलका ठेवला. "मैदान तेच, रात तीच. त्यो ह्यात असंलच की," म्हणले.

आता सकाळी शटर उघडलं की गलका लागतो. ट्रकवाले विचारतात, मालक, गाणं कुठंय? म्या घरातली कामं टाकून दारात येऊन उभी राहते. एवढी पोरं ओरडतात. आमचंबी त्यातच कुठंतरी हाय, आमाला हाका मारतंय, आन् आमा दोघांना त्ये ओळखू येत न्हाय.