हुंडा न मागणारं विद्यापीठ

आमच्या जाऊबाईंच्या मामांसारखा विद्यापीठांचा पारखी अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, होणार नाही! स्वतः बी.ए.ला तिसऱ्या खेपेला पास झाले होते, ती गोष्ट वेगळी. नात्यानं ते जाऊबाईंचे मामा, पण हर्सूलपासून चिकलठाण्यापर्यंत ज्या घरात लग्नाचं माणूस, त्या घराचे ते मामाच. उभ्या जन्मात त्यांनी एकच हौस केली, लग्नं जुळवायची. "पोलीस अ‍ॅक्शनच्या साली, निजाम गेला त्या वर्षी जन्मलो, तवापासून जुळवाजुळवच करतोय," म्हणायचे. पुढं पोरंपोरी आपापलीच लग्नं ठरवायला लागली आणि मामा बिचारे रिकामे झाले. थोडे दिवस रुसले, जेवणात मीठ कमी म्हणून मामींवर करवादले, आणि एक दिवस लोकांच्या पोरांसाठी कॉलेजं शोधायच्या मागं लागले. भाषा मात्र तीच राहिली. विद्यापीठ म्हणजे स्थळ, फी म्हणजे हुंडा, प्राध्यापक म्हणजे सासरची माणसं. पेपरात कुठल्या विद्यापीठाची पानभर रंगीत जाहिरात दिसली, की मामा चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "ज्या स्थळाला एवढं नटावं लागतंय, तिथं कायतरी खोट हाय. स्थळ मधलं पाहावं. लई थोर घरात आपलं लेकरू शेवटच्या पंगतीला बसतं, अन् लई बारक्या घरात वाढायलाच कुणी नसतं."

आम्ही हसायचो. पण माझी सुचिता बी.एस्सी. झाली आणि हसू आटलं. पोरीला पदार्थविज्ञानापुढं दुसरं काही सुचत नव्हतं. तिच्या वडिलांनी मोठ्या शहरातलं एक चकचकीत खासगी विद्यापीठ हेरलं, तिथली फी ऐकली, आणि सिडकोतलं घर गहाण ठेवायची भाषा सुरू केली. सुचितानं ते ऐकलं. "राहू दे बाबा, मी इथंच बी.एड. करते," एवढंच बोलली आणि भांडी घासायला बसली. एरवी या पोरीनं कधी ताटाला हात लावला नव्हता हो!

मामा चहाला आले होते. बशी खाली ठेवून ते आमच्या ह्यांच्यावर कडाडले, "घर गहाण टाकून पोरगी उजवली, तर जलमभर मान खाली घालून नांदती. शिकायचंही तसंच हाय. मला एक महिना द्या."

तो महिना मामांनी एसटी स्टँडावर काढला. सुटीला घरी येणाऱ्या पोरांच्या बॅगा उचलू लागायचे आणि हळूच विचारायचे, "काय रे, सर वर्गावर येतात का? पुस्तक मागितलं तर हातात मिळतं का कपाटातच दिसतं?" असं करत करत त्यांनी एक सरकारी विद्यापीठ काढलं. ना थोरलं, ना धाकटं. "खानदानी हाय, अन् हुंडा हैसियतीतला," मामांनी जाहीर केलं, आणि आम्ही स्थळ पाहायला निघालो.

मामांनी ठेवणीतला काळा कोट घातला, टोपी चढवली, पेढ्यांचा पुडा घेतला. विभागप्रमुख बाई होत्या, शेजारी एक तरुण प्राध्यापक बसलेले. मामांनी हात जोडले. "औरंगाबादेहून आलो. पोरगी आमची हुशार, सुस्वभावी. तुमची अपेक्षा काय ते मोकळ्या मनानं सांगा."

तरुण प्राध्यापकांनी झटकन कॉलर नीट केली. बाई गोंधळून म्हणाल्या, "अहो, पण माझा मुलगा अजून नववीत आहे!"

"मुलगा कशाला? आम्हाला प्रयोगशाळा दाखवा!"

बाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग स्वतः उठून प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. मामांनी प्रत्येक यंत्रावरून बोट फिरवलं. धूळ नाही! बटणांवरचे आकडे वापरून पुसट झालेले. "इथं कामाची माणसं नांदतात," ते माझ्या कानाशी पुटपुटले. तेवढ्यात बाईंनी सुचिताला काहीतरी विचारलं, आणि ती जी बोलायला लागली ती आम्हाला विसरलीच. फळ्यापाशी दोघी कितीतरी वेळ भांडत होत्या म्हणा ना! शेवटी हातावरचा खडू झटकत बाई मामांकडं वळल्या. "आमची अपेक्षा एकच. प्रवेश परीक्षा द्यावी, मग रोज यावं, आणि कळलं नाही तर न लाजता विचारावं."

पोरगी परीक्षेत पहिली आली. फी माफ! मामा गल्लीभर पेढे वाटत ओरडत होते, "बिनहुंड्याचं जुळवलं! बेशक, बिनहुंड्याचं!" लोकांना वाटलं सुचिताचं लग्न ठरलं, दोन घरांतून तर आहेराच्या साड्याही आल्या. मी ठेवून घेतल्या.

पोहोचवायला मामा आलेच. बाईंना म्हणाले, "पोरगी तुमच्या पदरात घातली." इतकी लग्नं लावली, पण कधी डोळ्यांतून टिपूस न काढलेला हा माणूस वसतिगृहाच्या फाटकात लहान लेकरासारखा रडला. माझ्याच पदराला डोळे पुसले.

आज मामा नाहीत. सुचिता त्याच विभागात शिकवते. परवा तिचा फोन आला. "आई, आज एक आजोबा नातीला घेऊन आले होते. बाहेर व्हरांड्यात घुटमळत होते, काय विचारावं ते सुचेना त्यांना. मग मीच म्हटलं, आधी प्रयोगशाळा बघा. यंत्रावरून बोट फिरवून बघा." मग म्हणाली, "धूळ नव्हती, आई."

मामा, हे ऐकायला तुम्ही हवे होतात हो.