अजून वाजला न्हाई

कोरड्या मातीचा वास आला की आमचं कोयनेकाठचं स्वयंपाकघर आठवतं. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत मी आईच्या फोनवर भूकंपाचा इशारा देणारं ॲप घालून दिलं होतं. दोनच दिवसांनी भर दुपारी जमीन हादरली. वडील आणि मी अंगणात पळालो. एरवी सगळ्यांच्या आधी बाहेर येणारी आई आलीच नाही. आत स्वयंपाकघरात गेलो तर कौलांतून माती गळत होती आणि ती फोन हातात धरून बसली होती. “आई, भाईर चल की!” मी ओरडलो. “अजून वाजला न्हाई की रं,” ती म्हणाली, “तूच म्हनलास, आदी वाजतोय.” फोन नंतर वाजला. ॲप काढतो म्हणालो, तर तिनं फोन पदराखाली घेतला. “ऱ्हाऊ दे. तू घातलंयस ते.” आता मी साताऱ्यात राहतो, आणि तिकडे जमीन हललीच तर आई आधी फोनकडे बघेल, या विचारानं अजून दचकतो.